साडेतीन फुटांची त्रिज्या

सास्तूर, ता. लोहारा
११ नोव्हेंबर २०२४

जळकोटचे व्याही बिराप्पा यांस सास्तूरहून रामहरीचा रामराम.

बारसं उरकून तुम्ही मंडळी गेलात त्याला आज तीन दिवस झाले. शिवांजली झकास आहे. भूक लागली की सगळ्या गल्लीला कळवते. हा आवाज तुमच्या युवराजकडून आला असं आमची नागूबाई म्हणते, मी मात्र जावयाबद्दल काही बोलत नाही. ज्ञानेश्वरीही चांगली आहे. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू ती खाते त्यापेक्षा मीच जास्त खातो अशी तक्रार आहे, तिच्याकडे तुम्ही लक्ष देऊ नये.

आता मुद्द्याचं. तुमच्या घरात पहिलं नातवंड वेशीपासून दारापर्यंत टपाच्या गाडीतून, घरच्या घोंगडीखाली येतं, असं तुम्ही बारशात सांगितलंत. जळकोटात आता तशी गाडी उरली नाही म्हणालात. आमच्या वडिलांची आहे. ती सध्या गुंडप्पा सुताराकडे उघडी पडलीय, चाकं निघालीत, टपाच्या कमानी नव्या करायच्यात. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती तयार होईल आणि टेम्पोत घालून थेट तुमच्याकडे येईल. तुम्ही दोरी घेऊन माप काढायला येतो म्हणत होतात. दोन एस.ट्या बदलून इतक्या लांब यायचं काही कारण नाही. एकतीस वर्षं मी हेच शिकवलं. टप म्हणजे आडवा ठेवलेला अर्धा दंडगोल, दोन्ही तोंडं अर्धवर्तुळाची. त्याचं पृष्ठफळ काढायला मला पाच मिनिटं लागली, त्यातली तीन चष्मा शोधण्यात गेली.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आकडे ओरडून सांगायचे नसतात, म्हणून पत्र. उत्तर: एकशे साडेशेहेचाळीस चौरस फूट. मधली आकडेमोड लिहीत नाही, तुमच्या डोक्याला उगाच ताप. तुम्ही निर्धास्त विणायला घ्या.

तुमचा व्याही,
रामहरी

*

जळकोट, ता. तुळजापूर
१६ नोव्हेंबर

रामहरी गुरुजींना बिराप्पाचा रामराम.

म्या चौथी शिकलेला माणूस, बोलतो तसंच लिहितो, तेवढं सांभाळून घ्या. पत्र पोचलं. लेकरू धड हाय हे वाचून बरं वाटलं. तुमचा आकडा म्हाळसाबाईला वाचून दाखवला तर ती म्हणाली, नात येणार हाय का सगळं वऱ्हाड?

गुरुजी, राग मानू नका. आमच्या मागाला चौरस फूट कळत न्हाय. त्याला लांबी कळती आन रुंदी कळती. माझी एक पट्टी दोन फूट रुंदीची निघती, मग पट्ट्या एकीला एक जोडायच्या. एकशे साडेशेहेचाळीस म्हणलं तर म्या इथून एस.टी. स्टँडापर्यंत एक लांबलचक पट्टी विणीन, ती पण तेवढीच भरंल, पण नात त्यात बसायची कशी? किती लांब आन किती रुंद ते लिवा.

दुसरं असं की तुम्ही कोणकोणती बाजू धरली? गाडीच्या तळाला आमी कडबा टाकतो, वर वाकळ अंथरतो. तिथं घोंगडी नको. पुढचं तोंड झाकलं तर गाडी हाकणारा बसंल कुठं? मागच्या तोंडाला म्हाळसाबाईचं लुगडं बांधू, वारं लागायचं न्हाय. आपल्याला फक्त वरची पाठ झाकायची हाय.

तिसरं लई महत्त्वाचं. ही लोकर यंदाच्या कोकरांची पहिली लोकर हाय, जावळाची. मऊ असती, म्हणून लेकरासाठी राखून ठेवली. तेवढीच हाय. आन आमच्या घरात घोंगडीला कात्री लावत न्हाईत. देवाचं अंथरूण म्हणून आज्यापासून चालत आलंय. तवा कमी पडलं तर जोडायला लोकर न्हाय, जास्त झालं तर कापायचं न्हाय. माप पक्कं पाहिजे गुरुजी, बाकी माझ्यावर सोडा.

बिराप्पा

*

सास्तूर
२१ नोव्हेंबर

बिराप्पा पाव्हणं, रामराम.

तुमचं पत्र वाचून नागूबाई इतकी हसली की शिवांजली दचकून उठली. असो. तुमचे मुद्दे मी मान्य करतो. त्याचं असं आहे की मी एकूण पृष्ठफळ काढलं होतं, आणि तुम्हाला हवं होतं नुसतं वक्रपृष्ठ. पुस्तकातला अर्धा दंडगोल सगळीकडून बंद असतो, त्यात कुणाला बसायचं नसतं आणि त्याला बैलही नसतात. खऱ्या गाडीला तीन बाजूंनी आमच्या गणिताची गरज नाही, हे मला आधी विचारायला हवं होतं.

तर तळाचे बेचाळीस चौरस फूट गेले, दोन तोंडांचे मिळून साडेअडतीस गेले. उरले सहासष्ट. आता तुमच्या मागाच्या भाषेत सांगतो. गाडीच्या एका काठापासून कमानीवरून दुसऱ्या काठापर्यंत अकरा फूट, आणि गाडीच्या लांबीला सहा फूट. म्हणजे दोन फुटी तीन पट्ट्या, प्रत्येक अकरा फूट लांब. हे आता दगडावरची रेघ समजा. पुन्हा विचारायची वेळ येणार नाही.

रामहरी

*

जळकोट
२५ नोव्हेंबर

गुरुजींना रामराम.

अकरा फूट म्हणजे तुमच्या वडलांची गाडी लईच उंच दिसती. माणूस उभा राहात असंल आत. जुन्या लोकांचा थाटच निराळा.

माग चालू केलाय. लोकर तेवढीच आन पट्टी एवढी लांब, म्हणून सूत नेहमीपेक्षा निम्मं बारीक काढावं लागलं. म्हाळसाबाईची बोटं दुखायला लागली, ती दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाय. पर काढलं तिनं. एक पट्टी आज उतरली. पातळ झालीया, आरपार उजेड दिसतो, पर सुबक हाय. चंपासटीच्या आत तिन्ही उतरतील, मग चिंचोक्याची खळ द्यायची आन जोडायच्या.

नातीला एकदा पुन्यांदा बघावं वाटतंय. मागावर बसलो की तिच्याशी बोलत बसतो. कुणी आलं की गप होतो.

बिराप्पा

*

सास्तूर
३० नोव्हेंबर

बिराप्पा यांस रामराम.

थोडक्यात लिहितो. विणकाम जरा थांबवा. कारण काही विशेष नाही. हे दिवस बरे नाहीत असं एकजण म्हणत होता. पाठवणीची तारीखही आत्ताच पक्की धरू नये असं मला वाटतं. सविस्तर मागाहून कळवतो.

रामहरी

*

जळकोट
४ डिसेंबर

रामहरी गुरुजींना रामराम.

तुमचं पत्र म्हाळसाबाईला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ती ऐकता ऐकता उठून गेली. चार ओळींचं पत्र तुम्ही कवा लिहिता? तुमचं नुसतं उत्तर द्यायचं पत्र पानभर असतंय.

दिवस बरे न्हाईत म्हणता. गुरुजी, तुम्ही पंचांग मानत न्हाय हे लग्नात सगळ्या वऱ्हाडाला सांगत होता. मुहूर्त टळला तवा भटजीशी वाद घातला होता तुम्ही. मग आता काय झालं? म्हाळसाबाईकरवी युवराजला सोलापूरला फोन लावला तर त्यो म्हणतो तिकडं सगळं ठीक हाय, तुम्ही उगाच इचार करता. त्याला काय, त्यो कशालाही ठीक म्हणतो.

म्या आपला अंदाज लावला, तो सरळ लिहितो. ज्ञानेश्वरी शिकलेली पोर हाय. आमच्या घरात मेंढरांचा वास, अंगणात माग, सासू अंगठा लावणारी. माहेरी दोन महिने राहिली, लेकरू झालं, आता तिला इकडं यावंसं वाटत नसंल. तुम्ही बाप हाय, तुम्हाला ते तोंडावर सांगता येईना. तसं असंल तर तसं लिवा. आमी भांडणार न्हाय. पोरीला जबरदस्तीनं आणून काय करायचं. फक्त लेकराला काय दुखणं तर न्हाय ना, एवढं एक कळवा. ते वाटूनच हात चालंना.

दोन पट्ट्या झाल्या, तिसरी अर्धी मागावर हाय. तुम्ही म्हणला म्हणून थांबवली.

बिराप्पा

*

सास्तूर
८ डिसेंबर, रविवार

बिराप्पा,

युवराज आज बाळाला बघायला आलाय, त्याच्याच हाती हे पत्र देतो आहे. पोस्टाच्या भरवशावर आता आणखी चार दिवस तुम्हाला टांगून ठेवणं बरं नाही.

आधी महत्त्वाचं. शिवांजली ठणठणीत आहे. ज्ञानेश्वरीने सासरी न्यायची बॅग मंगळवारीच भरून ठेवली आणि त्यातलं माझ्या खोलीतलं घड्याळ मी परत काढून घेतलं म्हणून ती माझ्यावर रुसलीय. तिला म्हाळसाबाईंच्या हातची आंबाडीची भाजी आठवते, आणि हे तिने मला सांगितलंय, मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तुमचं पत्र मी तिला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर ती पायी जळकोटला आली असती. तुम्हाला असं वाटलं, ते माझ्यामुळे वाटलं, याचं मला फार वाईट वाटतंय.

दोष सगळा माझा आहे आणि तो गणिताचा आहे.

२९ तारखेला मी गुंडप्पाकडे गाडी बघायला गेलो. तो कमानीसाठी बांबू फोडत बसला होता. मी सहज विचारलं, एका कमानीला केवढी काडी लागते. तो म्हणाला, “गुरुजी, ह्या गाडीला साडेपाच फूट पुरती व्हते.” मी म्हटलं, अकरा लागतात. त्याने हातातला कोयता खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि एक काडी वाकवून गाडीच्या काठावर बसवून दाखवली. मोजली. साडेपाच.

गाडी साडेतीन फूट रुंद आहे. कमान अर्ध्या वर्तुळाची. मग त्रिज्या घ्यायची रुंदीच्या निम्मी, पावणेदोन फूट. मी सबंध साडेतीनच त्रिज्या धरली. कमान बरोब्बर दुप्पट झाली, साडेपाचाची अकरा. गाडी उंच दिसती असं तुम्ही लिहिलंत तेव्हा मला वाटलं तुम्ही वडिलांचं कौतुक करताय, आणि मी खूश होऊन ते पत्र नागूबाईला वाचून दाखवलं.

याच चुकीला मी एकतीस वर्षं पोरांना बाकावर उभं केलंय. व्यासाची त्रिज्या करणारा पोरगा वर्गात दर वर्षी निघायचाच. दिग्विजय नावाचा एक होता. तो रडला नाही, नुसतं म्हणाला, “गुरुजी, चुकून झालं.” मी त्याला म्हटलं, गणितात चुकून काही होत नसतं. हे माझं वाक्य शाळेत प्रसिद्ध होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

त्या दिवशी घरी येऊन तुम्हाला फोन करायला हवा होता. तुम्हाला ऐकू येत नाही ही सबब होती, म्हाळसाबाईंना ऐकू येतं. पण मुलाच्या बापाला, ज्याला मी माप काढायला येऊ दिलं नाही, त्याला मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो की आकडा चुकला आणि तुमच्या कोकरांची सगळी लोकर माझ्या शहाणपणात गेली? म्हणून पंचांगाची पळवाट काढली. आयुष्यात पहिल्यांदा काढली, तीही धड जमली नाही.

आता घोंगडी दुप्पट लांब झालीय, पातळ झालीय, कापायची नाही. नातीच्या डोक्यावर काय घालायचं ते मला सुचत नाही. बाजारातली ताडपत्री मी आणून देईन, पण तुमच्या घरातल्या पहिल्या नातवंडावर ताडपत्री ही गोष्ट मला झोपू देत नाही. मला क्षमा करा.

रामहरी

*

जळकोट
१० डिसेंबर

गुरुजींना रामराम.

युवराजनं पत्र दिलं. वाचून जीव भांड्यात पडला. म्हाळसाबाईनं लगेच आंबाडी आणायला माणूस धाडला.

नातीला पौर्णिमेला, रविवारी आणा. गाडी आदल्या दिवशी टेम्पोत घालून पाठवा. ताडपत्री आणू नका. तिसरी पट्टी म्या काल संध्याकाळी पुरी केली, तुम्ही सांगितली होती तेवढीच, अकरा फूट. तुम्ही स्वतः पण या.

बिराप्पा

*

जळकोट
१७ डिसेंबर

गुरुजींना रामराम.

नागूबाई परत आल्यावर त्यांनी सगळं सांगितलंच असंल, तरी म्या लिहितो, माझ्या बाजूनं. तुमचा गुडघा दुखतोय म्हणून तुम्ही आला न्हाय असं त्या म्हणाल्या. गुडघ्याला तीळतेल चोळा.

गाडी शनिवारी उतरवली. म्या तिन्ही पट्ट्या जोडून, खळ देऊन वाळवून ठेवल्या होत्या. म्हाळसाबाई म्हणाली, आता हे लांबडं कसं घालणार, दोन्हीकडनं चाकात अडकंल. घोंगडी अंगणात पसरली, दोन्ही टोकं धरून मधोमध घडी घातली, आन ती दुहेरी घोंगडी कमानीवर टाकली. ह्या काठापासून त्या काठापर्यंत. चार बोटं पण कमी न्हाय, चार बोटं पण जास्त न्हाय.

गुरुजी, तुम्ही दुपटीनं चुकला म्हणून बरं झालं. सव्वापटीनं नायतर दीडपटीनं चुकला असता तर म्या काय केलं असतं? आन सूत बारीक काढलं होतं ना, एका पदरातनं उजेड दिसत होता. दोन पदर एकावर एक आले तवा वारं सुदिक शिरंना. नेहमीच्या घोंगडीएवढी जाड झाली, वर मऊ. लोकर तेवढीच, घोंगडी तेवढीच, निस्ती घडीची झाली.

वेशीपाशी निम्मं गाव जमलं होतं. शरणबसप्पानं गाडी हाकली, त्याच्या बैलांना झुली घातल्या होत्या. ज्ञानेश्वरी आत बसली, मांडीवर लेकरू. वेशीपासून दारापर्यंत हलगी वाजत होती तरी लेकरू झोपून होतं. दारात म्हाळसाबाईनं भाकरतुकडा ओवाळला तवा डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आन परत मिटले. तेवढ्यावर माझं भागलं.

लोकांनी इचारलं, घोंगडी दुहेरी का? म्या सांगितलं, आमचे व्याही गणिताचे गुरुजी हाईत, थंडीचे दिवस बघून त्यांनी मुद्दाम दुपटीचं माप दिलं. सगळे म्हणाले, शिकलेल्या माणसाची गोष्टच न्यारी. तवा तुम्ही आता तुमच्या तोंडानं काय वेगळं सांगत बसू नका.

बिराप्पा

*

सास्तूर
२२ डिसेंबर

बिराप्पा, रामराम.

तुमचं पत्र मी अंगणात बसून वाचलं आणि नागूबाई समोर असूनही डोळे पुसले. एका घडीत तुम्ही जे केलंत ते मला एकतीस वर्षांच्या खडू-फळ्यात सुचलं नसतं. घोंगडीही वाचली, नातही घरी आली, आणि वर तुम्ही माझी लाज राखलीत.

पण ती लाज राखणं मला पेलणार नाही. माझा गुडघा ठणठणीत आहे. मी आलो नाही कारण घोंगडी कमी-जास्त झाली तर लोकांसमोर मला उभं राहता आलं नसतं. पोरीला बापाने गाडीत बसवावं, तर बाप इथे ओसरीवर बसून राहिला. नात तुमच्या दारात शिरली तो क्षण मी माझ्या हाताने घालवला, आणि तो काही आता कोणत्याही मापाने भरून निघत नाही.

म्हणून पुढच्या रविवारी मी येतोय. शरणबसप्पांना आणि वेशीवरच्या ज्यांना ज्यांना तुम्ही माझं कौतुक सांगितलंत त्यांना चहाला बोलवा. मी त्यांना गाडीच्या काठावर काडी वाकवून दाखवीन, त्रिज्या कुठपर्यंत आणि व्यास कुठपर्यंत, आणि सांगेन की गुरुजी चुकले होते आणि निस्तरलं ते मागावरच्या माणसाने. हसायचं त्यांनी हसावं. दिग्विजय आता उमरग्याला असतो असं कळलं, जाता जाता त्यालाही भेटणार आहे. तो मला ओळखेल की नाही माहीत नाही.

शिवांजली मोठी झाली की घोंगडी दुहेरी का, असं एक दिवस विचारीलच. तेव्हा तुम्ही सांगू नका, तिला माझ्याकडे पाठवा. मीच तिला सांगेन की तिच्या आजोबाचं गणित चुकलं होतं, आणि ‘मी चुकलो’ हे दोन शब्द लिहायला त्याला नऊ दिवस लागले. तिला कधी नऊ दिवस लागू नयेत, एवढं तिला शिकवलं तरी माझी मास्तरकी फुकट गेली नाही असं मी समजेन.

रविवारी आंबाडीची भाजी असली तर मी नको म्हणणार नाही.

तुमचा,
रामहरी